फाटक कोणी लावायचं?

२६ एप्रिल १९९३. दुपारचा एक वाजून गेलेला, मराठवाड्यातला एप्रिल. दिल्लीहून जयपूर, उदयपूर करत आलेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ तेव्हाच्या औरंगाबादेतून मुंबईला निघालं होतं. फ्लाइट ४९१. आत ११८ माणसं होती. चिकलठाण्याची धावपट्टी जवळजवळ संपत आली तेव्हा कुठे चाकं जमिनीवरून सुटली. त्याच वेळी धावपट्टीच्या टोकापलीकडच्या बीड रस्त्यावरून कापसाच्या गाठी भरलेला एक ट्रक उत्तरेकडून दक्षिणेकडे चालला होता. विमानाची डावी चाकं आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग त्या ट्रकवर आदळला. रस्त्यापासून उंची जेमतेम सात फूट. मोडकं विमान तसंच पुढे गेलं, ईशान्येला सुमारे तीन किलोमीटरवर उच्च दाबाच्या तारांवर धडकलं आणि कोसळलं. ५५ माणसं गेली, ६३ वाचली.

चौकशीत या अपघाताची दोन कारणं दिली गेली. वैमानिकांनी विमानाचं नाक उचलायला उशीर केला आणि ते चुकीच्या पद्धतीनं उचललं, हे एक. दुसरं, विमानांच्या वेळेत बीड रस्त्यावरची वाहतूक रोखण्यात तेव्हाचं राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण कमी पडलं. या दोन कारणांच्या मधे एक ‘आणि’ आहे, आणि तीस वर्षं उलटून गेल्यावरही तो ‘आणि’ आपल्या पचनी पडलेला नाही असं मला वाटतं. या शहरात अपघाताचा विषय निघाला की कुणी म्हणतं, ट्रक आडवा आला. कुणी म्हणतं, पायलटची चूक होती, ट्रकचं काय घेऊन बसलात. दोघंही खोटं बोलत नाहीत, पण अर्धंच बोलतात. कुठलंही एकच कारण हातात धरलं, तर पुढचा अपघात टाळण्यासारखं त्यात काही उरत नाही.

नाक उचलायला उशीर होणं म्हणजे काय ते आधी बघू. विमान धावत असताना कॅप्टन आणि को-पायलट यांच्यात वेगाचे आकडे ठरलेले असतात. पहिल्या आकड्यापर्यंत उड्डाण सोडून थांबता येतं, त्याच्या पुढे थांबणं जास्त धोक्याचं. दुसऱ्या आकड्याला जो विमान चालवत नाही तो ‘रोटेट’ म्हणतो आणि चालवणारा नाक वर घेतो. १४० नॉट्सचा वेग म्हणजे सेकंदाला सत्तर मीटरच्या वर. तीन सेकंद उशीर झाला तर दोनशे मीटर धावपट्टी मागे गेली. त्यात आपलं शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटर उंच, आणि एप्रिलच्या दुपारची तापलेली हवा विरळ. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही कमी पडतो, म्हणजे तेवढ्याच ओझ्याला लांब धाव लागते. मुंबईत हिवाळ्याच्या पहाटे जी चूक पचून गेली असती, ती इथे बीड रस्त्यापर्यंत पोचते. आणि बीड रस्ता मोकळा असता तर? तर तो उशीर कुठल्या तरी नोंदवहीत गेला असता, कॅप्टनला पुन्हा प्रशिक्षणाला बसवलं असतं. ५५ घरांना त्या दिवसाची तारीखसुद्धा लक्षात ठेवायचं कारण उरलं नसतं.

विमान वाहतुकीत ‘रनवे इन्कर्शन’ असा एक शब्द आहे. विमान, वाहन किंवा माणूस यांपैकी काहीही, विमानं उतरण्या-उडण्यासाठी राखलेल्या जागेत जिथे असायला नको तिथे असलं की ते इन्कर्शन. मराठी वर्तमानपत्रं त्याला कधी कधी ‘घुसखोरी’ म्हणतात. तो शब्द मला पटत नाही. घुसखोरीत हेतू असतो, आणि इन्कर्शनमध्ये तो जवळजवळ कधीच नसतो. काटेकोर व्याख्या लावली तर आपला कापसाचा ट्रक त्यात बसतच नाही. तो धावपट्टीवर नव्हताच, रोजच्या रस्त्यानं चालला होता. पण विमानाच्या वाटेत तो होता, आणि त्या दोन मिनिटांत तो तिथे असू नये हे बघणं कुणाचं तरी काम होतं. व्याख्येची रेघ डांबराच्या कडेला संपते, विमानाची वाट तिथे संपत नाही.

हे आपल्याला कळायला अवघड जायला नको, कारण आपण रेल्वे फाटकांच्या गावात राहतो. शिवाजीनगरच्या फाटकावर या शहरानं किती संध्याकाळी घालवल्या असतील! फाटक लागलं की हॉर्न वाजतात, दुचाकी तिरपी करून दांड्याखालून काढली जाते, पोरं वाकून पलीकडे जातात. पण त्या फाटकामागे जे चालतं ते आपण कधी थांबून बघत नाही. जुन्या पद्धतीच्या फाटकांवर स्टेशन मास्तर गेटमनला फोन करतो. गेटमन फाटक लावतो, कुलूप घालतो, मग आपल्याकडच्या छापील कागदावरचा पुढचा आकडा मास्तरला सांगतो. याला ‘प्रायव्हेट नंबर’ म्हणतात. मास्तर तो आकडा वहीत लिहितो आणि त्यानंतरच गाडीला सिग्नल देतो. ‘फाटक लावलं, साहेब’ एवढं तोंडी चालत नाही, आकडा द्यावा लागतो. यातली व्यवस्था नीट बघा. अख्खी एक्स्प्रेस, तिचा ड्रायव्हर, मास्तर, आतले हजार प्रवासी, सगळे एका गेटमनच्या आकड्यासाठी अडलेले असतात. त्यानं आकडा दिला नाही तर गाडी थांबते, आणि का दिला नाही हे नंतर विचारतात.

माझं म्हणणं एवढंच आहे. जमिनीवर चालणाऱ्या विमानाची सुरक्षितता त्याला थांबवू शकणाऱ्या सगळ्यात लहान माणसाच्या हातात असते. तो माणूस नेमलेला आहे का, त्याला बोलता येतं का, आणि त्यानं थांबवल्यावर वरचे लोक त्याच्याशी कसे वागतात, या तीन गोष्टींवर सगळं उभं आहे. यंत्रं, रडार, दिवे हवेतच. पण हानेदाला यंत्र होतं. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर तटरक्षक दलाचं छोटं विमान भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालं होतं. नियंत्रकानं त्याला ‘नंबर वन’ म्हणून थांब्यापर्यंत यायला सांगितलं. रांगेत तुम्ही पहिले, एवढाच त्याचा अर्थ. कॉकपिटमध्ये तो धावपट्टीवर जायची परवानगी असल्यासारखा ऐकला गेला. विमान धावपट्टीवर जाऊन उभं राहिलं आणि वरून जपान एअरलाइन्सचं ए-३५० त्यावर उतरलं. मोठ्या विमानातली ३७९ माणसं आगीनं विमान गिळण्याआधी बाहेर पडली, छोट्या विमानातल्या सहांपैकी पाच गेली. नियंत्रकाच्या पडद्यावर धावपट्टीवर विमान असल्याचा इशारा दिसत होता. त्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवरून चालत असताना, कॉकपिटमध्ये काय चालतं हे प्रवाशाला दिसत नाही. आपण खिडकीतून बघतो, विमान बससारखं वळत वळत चाललेलं असतं, आपण मोबाइल बंद करत असतो, आणि आपल्याला वाटतं खरं काम अजून सुरू व्हायचंय. उलट, गर्दीच्या विमानतळावर हा उड्डाणातला फार गुंतागुंतीचा भाग असतो. एक जण विमान चालवतो. दुसऱ्याच्या मांडीवर किंवा पडद्यावर विमानतळाचा नकाशा असतो, कानात रेडिओ, हातात तपासयादी. रेडिओवर सूचना आली की ती जशीच्या तशी परत म्हणायची. ‘होल्ड शॉर्ट’ म्हणजे धावपट्टीच्या अलीकडे थांबा, असं सांगितलं तर धावपट्टीच्या क्रमांकासकट परत म्हणायचं, नुसतं ‘रॉजर’ चालत नाही. गेटमनचा प्रायव्हेट नंबर तो हाच. धावपट्टीच्या तोंडाशी जमिनीवर चार पिवळ्या रेघा आखलेल्या असतात, दोन सलग आणि दोन तुटक. सलग रेघा तुमच्या बाजूला असतील तर परवानगीशिवाय ओलांडायचं नाही. तुटक रेघा तुमच्या बाजूला असतील तर तुम्ही धावपट्टीवरून बाहेर पडताय, तर लवकर निघा. पुढे लाल पाटी, तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत धावपट्टीचा क्रमांक. ओलांडण्याआधी डावीकडचा म्हणतो ‘लेफ्ट क्लिअर’, उजवीकडचा म्हणतो ‘राइट क्लिअर’. तेवढ्यात उड्डाणाचा मार्ग बदलल्याची सूचना आली, को-पायलटनं मान खाली घालून कॉम्प्युटरमध्ये आकडे भरायला घेतले, की उजवीकडे बघणारं कुणी उरत नाही. चालत्या विमानात तेवढा वेळ एकच वैमानिक असतो. शहाणे कॅप्टन अशा वेळी विमान उभं करतात आणि मग भरा म्हणतात.

लहान विमानतळांवर समांतर टॅक्सीवे नसतो. विमानाला धावपट्टीवरूनच उलट चालत टोकापर्यंत जावं लागतं आणि तिथे गिरकी घ्यावी लागते. तेवढा वेळ धावपट्टी हाच रस्ता आणि रस्ता हीच धावपट्टी. २७ मार्च १९७७ ला टेनेरिफच्या बेटावर हेच झालं. वळवून आणलेल्या विमानांनी टॅक्सीवे भरून गेला होता, धुकं उतरलेलं, दोन जंबो एकामागोमाग एकाच धावपट्टीवरून टोकाकडे चालत निघाले. पुढचं केएलएमचं टोकाला वळलं आणि परवानगी नसताना सुटलं, पॅन ॲमचं अजून धावपट्टीवरच होतं. ५८३ माणसं गेली. विमान अपघातांच्या इतिहासात इतकी माणसं दुसऱ्या कुठल्याही अपघातात गेलेली नाहीत. नियंत्रकाचं ‘थांबा’ आणि पॅन ॲमचं ‘आम्ही अजून धावपट्टीवर आहोत’ हे एकाच क्षणी रेडिओवर आले आणि केएलएमच्या कानात नुसती शिट्टी वाजली. पण मला त्या शिट्टीपेक्षा नंतरचे काही सेकंद छळतात. केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली होती. त्यानं ती बोलूनही दाखवली, पण प्रश्न म्हणून. तो पॅन ॲमवाला अजून बाजूला झाला नाही का, अशा धर्तीवर. झालाय की, असं कॅप्टन ठामपणे म्हणाला. हा कॅप्टन कंपनीत या विमानाच्या प्रशिक्षणाचा प्रमुख होता. इंजिनिअर पुन्हा बोलला नाही.

तो प्रश्नार्थक स्वर आपल्या ओळखीचा आहे. मराठी घरात लहानानं मोठ्याची चूक दाखवायची ती अशीच: ‘काका, ते डावीकडे नव्हतं ना?’, ‘साहेब, एकदा बघून घेता का?’, ‘अहो, दूध उतू जातंय की काय?’ दूध उतू जात असतंच, तरी आपण ‘की काय’ लावतो. मोठ्याचा मान राखायचा आणि निर्णय त्याच्याकडे सोडायचा, असं हे वळण आहे, आणि घरात ते गोडही आहे. मला ते प्रिय आहे. पण सेकंदाला सत्तर मीटरच्या हिशोबात त्या ‘की काय’लाही मीटर पडतात. १९७९ साली नासाच्या कार्यशाळेतून कॉकपिटमधल्या समन्वयाचं जे प्रशिक्षण सुरू झालं, त्याचा गाभा माझ्या मते हाच होता. को-पायलटला प्रश्नातून विधानाकडे आणायचं, आणि कॅप्टनला ते विधान अपमान न मानता ऐकायला शिकवायचं. यातला दुसरा भाग अवघड. २२ मे २०१० ला मंगळूरला उतरताना विमान भलतंच उंच आणि वेगात होतं. को-पायलटनं पुन्हा वर घ्यायला सुचवलं, तरी कॅप्टननं उतरवलंच. १५८ माणसं गेली. तरुण आवाज तिथे निघाला होता, ऐकणारा मिळाला नाही.

कॉकपिटच्या बाहेरचा आवाज तर त्याहून दुबळा. डिसेंबर २०१५ मध्ये मुंबईत एअर इंडियाचं विमान मागे ढकलून झालं होतं. खाली उभ्या माणसांच्या खुणेचा वर वेगळाच अर्थ लागला, आणि चालू इंजिनानं जवळच्या तंत्रज्ञाला आत ओढून घेतलं. त्याच्याकडे ओरडण्यापलीकडे काय होतं? आणि इंजिनाजवळ ओरडणं कुणाला ऐकू जाणार?

आवाज योग्य वेळी निघाला आणि ऐकला गेला, की काय होतं तेही आपल्या देशात दिसलंय. ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्लीत अहमदाबादहून उतरलेल्या विस्ताराच्या विमानाला शेजारची धावपट्टी ओलांडायला सांगितलं होतं, आणि त्याच धावपट्टीवर बागडोगऱ्याला जाणाऱ्या विमानाला उड्डाणाची परवानगी मिळाली होती. उतरलेल्या विमानाच्या महिला कॅप्टनच्या ते लक्षात आलं, त्यांनी लगेच रेडिओवर सांगितलं, नियंत्रकानं उड्डाण थांबवलं. ही बातमी दोन दिवसांत विरली. न झालेल्या अपघाताला फोटो नसतो.

पुण्याचा प्रसंग मला चिकलठाण्याच्या शेजारी ठेवून बघावासा वाटतो. १५ फेब्रुवारी २०२० ला लोहगावहून दिल्लीला निघालेलं एअर इंडियाचं ए-३२१ सुमारे १२० नॉट्सला पोचलेलं असताना वैमानिकांना पुढे धावपट्टीवर जीप आणि एक माणूस दिसला. त्यांनी नाक ठरल्या वेगाच्या आधीच उचललं. शेपटी धावपट्टीला घासली, विमान त्यांच्यावरून निघून गेलं आणि दिल्लीला सुखरूप उतरलं. औरंगाबादेत नाक उशिरा उचललं, पुण्यात लवकर उचलावं लागलं. दोन्ही ठिकाणी जमिनीवर असं वाहन होतं, ज्याला त्या क्षणी तिथे असण्यापासून कुणी तरी अडवायला हवं होतं. सत्तावीस वर्षांनी पुण्यात वैमानिकांच्या हातानं वाचवलं. व्यवस्थेनं वाचवलं असं मी म्हणणार नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. तिच्यावर गर्दीच्या तासाला पंचेचाळीसच्या आसपास विमानं चढतात-उतरतात, म्हणजे ऐंशी सेकंदांना एक. तिथे प्रत्येक जण थांब म्हणू लागला तर काम कसं चालणार? ८ जून २०२४ ला याच धावपट्टीवर एअर इंडियाचं विमान अजून धावत असताना मागून इंदूरहून आलेलं इंडिगोचं उतरलं. त्याची दृश्यं देशभर फिरली, नियंत्रकाला कामावरून बाजूला केल्याची बातमी आली, आणि चर्चा संपली. वेळ इतका आवळल्यावर माणसाच्या अंदाजाला किती जागा उरते, हा प्रश्न तसाच राहिला. माझं उत्तर असं, की थांबवण्याची किंमत आधीच हिशोबात धरायला हवी. उतरणारं विमान पुन्हा वर घेतल्याबद्दल वैमानिकाला जाब विचारायचा नाही, हे तत्त्व जगभर मान्य झालंय. तीच मुभा नियंत्रकाला हवी, जीपच्या चालकाला हवी, खाली बॅट घेऊन विमानाला खुणा करणाऱ्या मार्शलरला हवी. तासाला दोन विमानं कमी करावी लागली तर करावीत.

आणि शिक्षा? ज्यांचं माणूस गेलं त्यांनी दोषी कोण असं विचारणं रास्तच आहे, त्यांना ‘व्यवस्थेची चूक’ म्हणून परत पाठवणं क्रूर आहे. जाणूनबुजून नियम मोडणाऱ्याला शिक्षा व्हावी. पण चुकलेल्याला तडकाफडकी बाजूला करून आपण फाइल बंद करतो, तेव्हा त्याच्या शेजारच्या खुर्चीतला माणूस एक गोष्ट शिकतो. आपली थोडक्यात निभावलेली चूक कुणाला सांगायची नाही. त्या न सांगितलेल्या चुकांमध्येच पुढचा ट्रक उभा असतो. १९९३ च्या त्या दुपारच्या आधी किती विमानं बीड रस्त्यावरून अगदी खालून गेली असतील, किती ट्रकवाल्यांनी मान खाली घातली असेल, हा प्रश्न मला नेहमी पडत राहतो. विमान इतकं खालून जातं आणि रस्ता उघडा असतो, हे रोज बघणारी माणसं तिथे असणारच. त्यांनी ते सांगायचं कुणाला?

आता आपली धावपट्टी वाढवायची म्हणून चिकलठाणा, मुकुंदवाडी, मुर्तिजापूरच्या जमिनीची चर्चा बरीच वर्षं चालू आहे. ते काम होईल तेव्हा चालू विमानतळाच्या आत डंपर, रोलर, पाण्याचे टँकर फिरतील. ते चालवणारी पोरं याच गावांतली किंवा जालन्या-बीडकडची असतील. पहाटेच्या विमानाआधी धावपट्टी रिकामी झाल्याचं त्यांच्यापैकी कुणी तरी वॉकीटॉकीवर सांगेल. वैमानिक आणि नियंत्रकांच्या इंग्रजीची परीक्षा आंतरराष्ट्रीय नियमानं घेतली जाते. या पोराची भाषा कोण तपासणार? ‘होल्ड शॉर्ट’ म्हणजे चार रेघांतल्या कुठल्या रेघेशी उभं राहायचं, हे त्याला मराठीत, जागेवर नेऊन, बोट दाखवून कुणी शिकवलेलं असेल का? आणि टँकर बंद पडून तो धावपट्टीवर अडकला, पलीकडे मुंबईचं विमान वळून उभं असलं, ठेकेदार आधीच उशिरावरून ओरडत असला, तर रेडिओचं बटण दाबून ‘थांबा, मी अजून इथेच आहे’ एवढं म्हणायला तो किती सेकंद घेईल?